आयर्विनला किती फूट झालं की तुमचा रस्ता बंद होतो?

कृष्णाकाठ

पाऊस लागला की सांगलीत दुसरा विषय नसतो. कोयनेत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं, दरवाजे किती फुटांनी उचलले, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट? रिक्षात, दुकानात, व्हॉट्सॅपवर हेच आकडे फिरतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका पातळी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. यंदा पावसाआधी मी आमच्या गल्लीत घरोघरी एक साधी चौकशी केली: तुमचा बाहेर पडायचा रस्ता किती फुटाला बंद होतो? याचं उत्तर फार थोड्या घरांत मिळालं.

घरात पाणी किती फुटाला येतं ते सगळे सांगतात. २००५ ची खूण कुणी ना कुणी भिंतीवर करून ठेवलेली असते, २०१९ ची तर ठळकच आहे. पण जोत्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी गल्लीचं तोंड बुडतं, कारण आपल्या जुन्या गल्ल्या मध्ये उंच आणि टोकाला उतरत्या आहेत. घर कोरडं असतं, अंगणात पोरं खेळत असतात, आणि कोपऱ्यावर कमरेएवढं पाणी झालेलं असतं. तिथून पुढं तुम्ही बोटीवर अवलंबून. म्हणून माझं म्हणणं असं, की घरात पाणी येण्याचा आकडा सामान वर चढवायला वापरा आणि रस्ता बंद होण्याचा आकडा माणसं हलवायला. पहिला आकडा पाहून माणसं हलवायला निघालं, की उशीर झालेला असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. २००५ ला ५३ फुटांच्या वर गेलं होतं, तेवढीच हद्द धरून लोक बसले. "तेव्हा आमच्या पायरीला लागलं नव्हतं, आता काय लागतंय" हे वाक्य त्या आठवड्यात मी किती जणांच्या तोंडून ऐकलं. पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. त्यानंतर दोनच वर्षांत, जुलै २०२१ ला, पुन्हा ५४ च्या वर. मागचा पूर म्हणजे कमाल मर्यादा, हा समज काढून टाकायला हवा.

दुसरं, जुने आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मधल्या काळात कुठं रस्ता उंच झाला, कुठं भराव पडला, कुठं नाल्यावर बांधकाम झालं. पाणी नदीकडूनच येईल असंही नाही. शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून ते उलटं चढतं आणि घराच्या पाठीमागून येतं.

तर सगळ्यांना विनंती, इथं आपापल्या भागाचं लिहा. घर नंबर, नावं नकोत. कोणत्या बाजूचा रस्ता आधी जातो, कुठला शेवटपर्यंत चालू राहतो, चेंबर कधी उलटं वाहायला लागतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या बाजूला तर ४० फूट व्हायच्या आधीच पाणी शिरतं, तिथल्या लोकांचा अनुभव सगळ्यात जास्त आहे. त्यांनी जरूर लिहावं.

हरिपूरकर

चांगला धागा. आमच्याकडची एक अडचण मांडतो. हरिपूर आयर्विनच्या खाली आहे आणि वारणा इथं संगमावर कृष्णेला मिळते. त्यामुळं नुसता आयर्विनचा आकडा बघून आमचं भागत नाही. चांदोली धरणातून वारणेला पाणी सोडलेलं असेल, तर कृष्णेचं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो आणि फुगवटा मागं येतो. आयर्विनला ४२ असताना एका वर्षी आमच्याकडं रस्ता चालू होता, दुसऱ्या वर्षी तेवढ्याच फुटाला बंद. आम्ही दोन गोष्टी एकत्र बघतो: आयर्विनची पातळी आणि चांदोलीचा विसर्ग. खालच्या गावांनी तर राजापूर बंधाऱ्याचीही पातळी बघावी.

हळदीच्या पेवांचं नव्या पिढीला माहीत नसेल. इथली माती अशी, की जमिनीखाली खोल पेव काढून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायची, किडा लागत नसे. २००५ ला त्या पेवांत पाणी शिरलं आणि पिढ्यान् पिढ्या टिकलेली ती पद्धत मोडली. आमच्या वाडवडिलांनी ती जागा पूर धरूनच निवडली होती, तरीही. म्हणून "आजवर आलं नाही" या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही.

गुलमोहर

शामरावनगरच्या बाजूनं लिहिते. आमच्याकडं नदीचा पूर यायच्या आधीच पावसाचं पाणी साठतं, कारण भाग सखल आणि पाणी जायला वाट अपुरी. तेव्हा आयर्विनचा आकडा तीस-बत्तीस असला तरी आमच्या दारात तळं असतं.

सगळ्यात आधी पाणी कुठून येतं माहीत आहे का? दारातून नाही, संडासातून आणि न्हाणीच्या जाळीतून. बाहेरचं ड्रेनेज भरलं की ते उलटं वर येतं. उंबऱ्यावर वाळूची पोती रचून बसलेल्या घरात मागच्या बाजूनं घोट्याएवढं घाण पाणी झालेलं मी पाहिलंय. आम्ही आता जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती संडासाच्या भांड्यात घट्ट दाबून बसवतो, वर वजन ठेवतो, आणि न्हाणीच्या जाळीवर कापडाचा बोळा कोंबून फरशीचा तुकडा ठेवतो. प्लंबरकडून बाहेर जाणाऱ्या पाइपला एकदिशा झडप बसवून घेता येते, घराचं काम काढणार असाल तर तेव्हाच करून घ्या.

पाण्याच्या टाकीचंही बघा. जमिनीतली टाकी असेल तर पाणी यायच्या आत सगळं गच्चीवरच्या टाकीत चढवून घ्यायचं. जमिनीतल्या टाकीत एकदा पुराचं पाणी गेलं, की ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरनं धुतल्याशिवाय वापरता येत नाही.

मळीतला

भिलवडीच्या बाजूनं. तुमचं आयर्विन आमच्या खालतं, आमच्याकडं आधी कळतं. शहरातल्या लोकांनी बहे, ताकारी, भिलवडी या पुलांची पातळी रोज बघावी. भिलवडीला पाणी झपाझप चढाय लागलं की आयर्विनला चढणार हे ठरलेलं, फक्त वेळेचा प्रश्न. कृष्णेचा पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा एकदम येत न्हाई. सावकाश चढतो, सावकाश उतरतो. तयारीला वेळ मिळतो, पण आपण तो वेळ पुलावर जाऊन पाणी बघण्यात घालवतो.

आता मळीतल्यांसाठी, म्हणजे नदीकाठच्या शेतातल्यांसाठी. नदीवरच्या मोटारी वेळेत काढा. दरवर्षी कोणतरी शेवटच्या घडीला मोटार काढाय नदीत उतरतं आणि अंधारात, वाहत्या पाण्यात जिवावर बेततं. मोटार गेली तर पैशाचं नुकसान हाय, ते भरून निघतं. हवामान खात्यानं घाटमाथ्यावर मोठ्या पावसाचा इशारा दिला की त्याच दिवशी, उजेडात, चार माणसं घेऊन काढून घ्या.

जनावरांचं: दाव्याला बांधून कुणी जाऊ नका. म्हैस चांगली पवते, पण दाव्याला बांधलेली म्हैस जागेवर बुडती. शेवटी काहीच जमलं न्हाई तर दावी सोडून द्या. पण खरं म्हणजे रस्ता चालू हाय तवर पाहुण्यांकडं, माळावर हलवा. जनावरांना माणसांच्या आधी हलवावं लागतं, कारण बोटीत म्हैस बसत न्हाई. आणि म्हैस मागं राहिली की घरचा धनी पण मागं राहतो, हे आमच्याकडं दरवेळी होतं. वैरण उंचावर ठेवा, निदान सुक्या कडब्याच्या पेंढ्या. पूर ओसरल्यावर हिरवी वैरण सगळी गाळानं माखलेली असती, ती जनावराच्या पोटाला चालत न्हाई. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर वहीत लिहा आणि फोटो काढा, जनावर दगावलं तर पंचनाम्याला लागतात.

कृष्णाकाठ

@मळीतला, दादा, बोटीत म्हैस बसत नाही म्हणून धनी मागं राहतो, हे शहरातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. मनापासून धन्यवाद.

बोटीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती आपण कुणीच विसरू शकत नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. पण माणसं अशी एकाच बोटीवर का तुटून पडतात? रस्ता बंद झाल्यावर सगळं गाव एकाच वेळी बाहेर पडायला बघतं म्हणून. जितकी घरं रस्ता चालू असताना निघतील, तितकी बोट मागं राहिलेल्यांना पुरेल. बोटीत बसायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेटशिवाय बसू नका, उभं राहू नका, आणि बोट भरली म्हटल्यावर "अजून एकाला घ्या" म्हणून आग्रह करू नका.

पाटणचा

धरणाचे आकडे कसे वाचायचे त्यावर थोडं. "कोयना ९० टक्के भरली" एवढ्यावर घाबरूही नका आणि निश्चिंतही राहू नका. तीन आकडे लागतात: आत्ता किती पाणी आहे, आवक किती, विसर्ग किती. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी २४ तास येत राहिलं तर ८.६४ टीएमसी होतं. म्हणजे धरणात ९५ टीएमसी असेल, आवक लाखाची असेल आणि काहीच सोडलं नाही, तर उरलेली जागा जेमतेम सव्वा दिवसात भरते. असा हिशेब मांडला की दरवाजे कधी उघडणार याचा अंदाज घरबसल्या येतो. नुसतं पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडलं अशी बातमी आली, तर त्यानं सांगलीला पूर येत नाही. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळून ताकारी, भिलवडी करत तुमच्यापर्यंत यायला वेळ घेतं, त्या वेळाचा उपयोग करा.

पण सगळं धरणावरच ठरतं असं नाही. धरणांच्या खाली जो पाऊस पडतो तो कुणाला अडवता येत नाही. जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस डोंगरउतारावर आणि खालच्या खोऱ्यात एकदम पडला, की धरणाचे दरवाजे बंद असले तरी नदी फुगते.

आमच्या खोऱ्यात तर पुरापेक्षा दरडीची भीती जास्त. त्याच रात्री आंबेघर आणि मिरगावला डोंगर घरांवर आला. त्या गावांना आयर्विनचा काय, कुठल्याच पुलाचा आकडा उपयोगाचा नव्हता. डोंगराखाली राहणाऱ्यांनी घराच्या वरच्या अंगाला जाऊन बघत राहावं: जमिनीला नव्या भेगा पडल्यात का, झाडं किंवा विजेचे खांब कलू लागलेत का, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा एकाएकी आटला का, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्यात का. यातलं एक जरी दिसलं तर रात्रीची वाट बघू नका. साताऱ्याच्या पश्चिम भागातल्या सगळ्यांनी हे घरातल्या पोरांनाही शिकवावं.

वायरमन

विजेचं मी लिहितो, रोजचं काम आहे. घर सोडताना मेन स्विच बंद करायचा, हे सगळे सांगतात. पण इन्व्हर्टर राहतो. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर आणि बॅटरी घरातल्या बोर्डात वीज देतच असतात. त्याचा स्विच वेगळा बंद करा, बॅटरीच्या तारा काढा, बॅटरी वरच्या मजल्यावर न्या.

गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर आणखी सांभाळा. महावितरणचा पुरवठा बंद असला तरी दिवसा उन्हात, ढगातसुद्धा, पॅनेलकडून खाली येणाऱ्या केबलमध्ये दाब असतो. ती केबल आणि सोलरचा इन्व्हर्टर पाण्यात बुडाला असेल तर हात लावू नका, ज्यानं बसवलं त्याला बोलवा.

पाणी उतरल्यावर लाइट कधी येणार म्हणून लोक भांडतात. मी समजू शकतो, अंधारात चिखल काढणं सोपं नाही. पण भिंतीच्या आतल्या पाइपांत पाणी राहिलेलं असतं. फरशी कोरडी दिसते, बोर्ड पुसलेला असतो, आणि स्विच दाबला की भिंतीला करंट. आधी वायरमनकडून मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन बघायचं यंत्र) लावून तपासणी, अर्थिंग बघणं, मगच मेन चालू. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार पूर्ण वाळल्याशिवाय लावून बघायचंच नाही.

मोटारसायकल, कार पाण्यात राहिली असेल तर चावी फिरवू नका. सुरू करून बघितलं की इंजिनात पाणी ओढलं जातं आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटीनं वाढतो. टो करून गॅरेजला न्या.

मिरजेचा डॉक्टर

आम्ही पुरानंतरचे रुग्ण बघतो, त्यामुळं माझी यादी जरा वेगळी आहे. पाणी चढत असताना कुणाला सगळ्यात आधी हलवायचं? डायलिसिसवर असलेले, नववा महिना लागलेल्या बायका, ऑक्सिजनवर असलेले वृद्ध, आणि अगदी लहान बाळं. यांच्यासाठी इशारा पातळीचीही वाट बघू नका. डायलिसिसची पाळी आठवड्यात दोन-तीनदा असते, एक पाळी चुकली तरी जीव धोक्यात येतो. वरच्या मजल्यावर धान्य आहे, पाणी आहे, मग काय भीती, हा विचार अशा घरात चालत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेली की मडक्याचा उपयोग करावा. ओल्या वाळूत किंवा ओल्या कापडात छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

पुराच्या पाण्यातून अनवाणी चाललात, पायाला जखम असेल, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) शंका धरून लगेच दाखवा. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लीन देतात, पण ती आपल्या मनानं घेऊ नका. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. पाणी चांगलं खदखदेपर्यंत उकळा. ते शक्य नसेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून आधी दुहेरी कापडानं गाळून घ्या. जुलाब सुरू झाले तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे.

साप: पाणी वाढलं की तेही कोरडी जागा शोधतात. माळ्यावर, गादीच्या घडीत, बुटात. दंश झाला तर घट्ट बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नको. हातपाय न हलवता सरळ सिव्हिलला, मिरज असो वा सांगली.

अभ्यासू_मन

सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्नावर कुणी बोलत नाही. आपल्या खाली कृष्णेवर कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणात ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवतात आणि कर्नाटकला ती उंची ५२४.२५६ वर न्यायची आहे. फुगवटा आपल्यावर येणार. मडकी आणि वाळूच्या पिशव्यांनी काय होणार?

कृष्णाकाठ

@अभ्यासू_मन, उंची वाढवण्याला विरोध झालाच पाहिजे आणि मी त्या सभांना जातो. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला कारणीभूत धरलं नाही, अनेकांना ते पटलेलं नाही, हा वाद मोठा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढा. मी तिथं लिहीन. आपल्या बाजूचंही त्यात येऊ दे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट पडले, घरं झाली, ती कर्नाटकानं बांधली नाहीत.

इथं मात्र मला या पावसाळ्यापुरतं बोलायचं आहे. न्यायालयात निकाल लागेपर्यंत गल्लीतल्या आजींना वेळेत बाहेर काढायचं आहे.

जतचा

पूर्व भागातून वाचतोय. २०१९ ला तुमच्याकडं बोटी चालल्या होत्या तेव्हा आमच्याकडं टँकर चालू होते, एकाच जिल्ह्यात. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ योजनेचे पंप पुराच्या दिवसांत चालवून आमचे तलाव भरावेत ही मागणी आम्ही लावून धरलेली आहे. पूर त्यानं टळणार नाही, तेवढी पंपांची ताकद नाही, पण वाहून जाणारं थोडं पाणी तरी कामी येईल. आणि एक सांगतो. आमच्याकडं शाळा, मंगल कार्यालयं, माळरान सगळं कोरडं आहे. जनावरं घेऊन या. चाऱ्याचं आधी कळवलं तर गावं मदत करतात, २०१९ ला केलीच होती.

मूळ_सांगलीचा

मी सांगलीतच वाढलो, आता न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या एका छोट्या उपनगरात राहतो. इथं पुराऐवजी बर्फ. हिवाळ्याच्या सुरुवातीला एरी सरोवराचं पाणी अजून उबदार असतं, त्यावरून थंडगार वारा आला की तो वाफ उचलतो आणि काठावरच्या गावांवर बर्फ टाकतो. पट्टा इतका अरुंद असतो, की एका उपनगरात छातीएवढा बर्फ आणि काही मैलांवर ऊन. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त पडला. त्यामुळं शहराच्या एका आकड्यावर इथंही कुणी विसंबत नाही, प्रत्येक जण आपल्या भागाचं बघतो. तुमचा धागा वाचून ते पटकन कळलं.

इथल्या काही गोष्टी तिकडं उपयोगी पडतील असं वाटतं. रस्त्याकडेच्या आगीच्या नळांना उंच काठी लावून ठेवतात, म्हणजे बर्फाखाली गाडले गेले तरी सापडतात. आपल्याकडं उघडी चेंबर, गटारी, गल्लीतली विहीर पाण्याखाली दिसत नाही आणि माणूस चालता चालता आत जातो. पाणी यायच्या आधी तिथं बांबू रोवून लाल फडकं बांधता येईल. दुसरं, हिवाळ्यात बऱ्याच गावांत रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते, बर्फ काढणारं यंत्र जायला वाट हवी म्हणून. सांगलीत पूर आला की लोक उंच रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी गाड्या लावतात, आणि बोटी घेऊन येणाऱ्या ट्रकला वळायला जागा राहत नाही. गाडी लावायची जागा आधी ठरवा.

तिसरं महत्त्वाचं. जनरेटर घरात, जिन्याखाली, बंद व्हरांड्यात लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेत जातो. इथं मोठ्या वादळांत असे मृत्यू होतात.

डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलो भागात ४० हून जास्त माणसं गेली. काही गाडीत अडकून, काही घरात, कारण रुग्णवाहिका पोचूच शकली नाही. तुम्ही म्हणता तेच इथंही दिसलं, घर शाबूत होतं पण रस्ता गेला होता.

गुलमोहर

@मूळ_सांगलीचा, बांबू आणि लाल फडकं हे आमच्या कॉलनीत याच आठवड्यात करतो. अगदी साधं आहे आणि कुणाची परवानगी लागत नाही.

वाडा_चिरेबंदी

गावभागात आमचा जुना वाडा आहे, पांढऱ्या मातीच्या भिंतींचा. पूर उतरल्यावर घरात परत जायची घाई करणाऱ्यांसाठी लिहितो. मातीची भिंत पाण्यात असताना पडली नाही म्हणजे धोका टळला असं नाही, तेव्हा बाहेरच्या पाण्याचा तिला आधार असतो. पाणी उतरलं की आत भिजलेली भिंत एकटी राहते आणि मग बसते, कधी चार दिवसांनी, कधी ऊन पडल्यावर. भिंतीला फुगीर पोट आलेलं दिसलं किंवा वरचं वासं सरकलेलं दिसलं तर त्या खोलीत झोपू नका.

गाळ वाळू देऊ नका. पाणी गुडघ्याएवढं उरलं की तेव्हाच खराट्यानं ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. एकदा वाळला की फावड्यानंही निघत नाही. पण त्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि भिजलेलं सामान यांचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर तसंच चिखलात ठेवणं शक्य नसतं. भिजलेली कागदपत्रं ओढून सुटी करू नका. सावलीत, मध्ये कोरडे कागद घालत वाळवा. सातबारा, आधार यांच्या प्रती ऑनलाइन परत मिळतात. जुन्या खरेदीखताचं आणि फोटोंचं तसं नाही, ते आत्ताच उंचावर न्या.

विश्रामबाग_०७

एक विचारायचं आहे. आम्ही विश्रामबागला सुरक्षित आहोत, पण आई गावभागातलं घर सोडायला तयार नाही. वय ८१. म्हणते, २००५ ला माळ्यावर राहिलो, २०१९ लाही राहिलो, आता कुठं परक्याच्या दारात जाऊ. जबरदस्ती करवत नाही. काय करू?

गुलमोहर

ताई किंवा दादा जे असाल ते, माझ्या सासूबाईंचं असंच होतं. त्यांना माणसांची काळजी नव्हती, देव एकटे राहतील याची होती. मग आम्ही आधी देव हलवले. इशारा पातळीच्या आधी, चांगल्या दिवसा, देव्हाऱ्यातले देव ताम्हनात घेऊन माझ्या नणंदेकडं गेलो, तिथं मांडले, दिवा लावला. संध्याकाळी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, मला पण सोडा तिकडं, पूजा कोण करणार? आता दरवर्षी पाणी वाढू लागलं की त्या पिशवी भरून तयार असतात. घर सोडतोय असं त्यांना वाटू दिलं नाही.

आणि "परक्याच्या दारात" म्हणतात तर आत्ताच, पाऊस नसताना, दोन दिवस राहायला न्या. स्वतःचं अंथरूण, स्वतःचा डबा तिथं ठेवून या. गडबडीत पहिल्यांदा नेऊ नका.

मिरजेचा डॉक्टर

८१ वय म्हणजे एक जोडतो. २०१९ ला वरच्या मजल्यावर अडकलेल्या वृद्धांच्या तक्रारी सारख्याच होत्या: रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या, आणि संडासला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलेलं. माळ्यावर तगून राहणं आणि ठीक असणं यात फरक आहे. महिन्याभराच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो नणंदेकडं, मुलीकडं, जिथं नेणार तिथं आत्ताच ठेवा.

विश्रामबाग_०७

देवांचं लक्षात आलंच नव्हतं. रविवारी आईला आणि बाळकृष्णाला दोघांनाही आमच्याकडं आणतो, आठवडाभर राहू दे. खूप आभार.

कृष्णाकाठ

आतापर्यंत आलेले रस्ते बंद होण्याचे आकडे मी वहीत भागवार लिहून घेतोय. अजून कोल्हापूर रोड, सांगलीवाडी आणि जुना बुधगाव रोडकडून कुणी लिहिलेलं नाही. सांगलीवाडीचं तातडीनं हवं, कारण पूल ओलांडून यायचा की मागच्या बाजूनं निघायचं हे तिथल्या घरांना आधी ठरवावं लागतं. फोनमध्ये १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर आणि ११२ साठवून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्यांच्या साध्या फोनमध्येही.

सांगलीवाडी_पार

आलो. आमच्याकडं मागचा रस्ता आधी जातो, पूल शेवटी. पण शेवटी पुलावर बघ्यांची इतकी गर्दी असते, की रुग्णाला घेऊन जाणारी गाडी अडकते. त्यामुळं आम्ही मंडळाच्या पोरांनी ठरवलंय, ३८ झालं की ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे ती घरं त्याच दिवशी उजेडात हलवायची. गाड्या कुणाच्या, कोण चालवणार, हे वाटून घेतलंय. यादीत अजून दोन घरांना ड्रायव्हर मिळालेला नाही. ज्याच्याकडं चारचाकी आहे आणि त्या दिवशी सुट्टी टाकू शकतो त्यानं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वायरमन

@सांगलीवाडी_पार, माझ्याकडं टेम्पो आहे. एक घर माझ्या नावावर लिहा. व्यनि केला आहे.